विंटेज शॉवर आणि काकूंची ट्रंक

रात्रीचे पावणेबारा. डोळे मिटायला लागले होते, तेवढ्यात ग्रुपवर मेसेज टपकला. 'गर्ल्स, लग्न अडीच महिन्यांवर आलंय. ब्राइडल शॉवर नको का करायला? थीम : विंटेज!!!'

तीन-तीन उद्गारचिन्हं! आमच्या ग्रुपमधली एचआरवाली अशीच आहे. ऑफिसात लोकांचे वाढदिवस करून करून तिला आताशा प्रत्येक गोष्टीत इव्हेंटच दिसतो. दोन मिनिटांत आयटीवालीच्या चार स्मायली, बँकवालीचं 'बजेट किती?' आणि आमच्या डेंटिस्टबाईंचं 'संडेलाच ठेवा, प्लीज' असे रिप्लाय येऊन पडले. मी फक्त एक बारकासा प्रश्न टाकला, 'विंटेज म्हणजे नक्की काय गं?'

ग्रुपवर एकदम सामसूम.

दुसऱ्या दिवशी एचआरवालीने एका इव्हेंटवाल्याला फोन लावला. त्याने फोटो पाठवले. लेसचे पडदे, गुलाबी कप-बशा, प्लॅस्टिकचा ग्रामोफोन, कोपऱ्यात पक्ष्यांचा रिकामा पिंजरा आणि मागे बोर्ड, 'ब्राइड टु बी'. सगळं मिळून अठ्ठेचाळीस हजार रुपये, खाणं वेगळं! बँकवालीने एवढंच लिहिलं, 'या पैशात एक ईएमआय जातो माझा.' ठरलं मग. माणशी दीड हजार, आम्ही पाचजणी, एकूण साडेसात हजार. जे काही करायचं ते घरी, हाताने. आणि नवरीला पत्ता लागू द्यायचा नाही.

कुणाचं विंटेज?

आता जर्नलिझम शिकलेल्या माणसाचा एक प्रॉब्लेम असतो. शब्द दिसला की तो खणत बसतो. तर मंडळी, 'विंटेज' हा शब्द मुळात दारूच्या दुकानातला आहे. लॅटिनमध्ये 'विंडेमिया' म्हणजे द्राक्षांची तोडणी. त्यावरून एखाद्या ठरावीक वर्षीच्या द्राक्षांची वाइन ती विंटेज. पुढे हा शब्द गाड्यांना लागला, कपड्यांना लागला, फर्निचरला लागला. शंभर वर्षांच्या पुढचं असेल तर व्यापारी त्याला अँटिक म्हणतात. आणि जुन्यासारखं दिसणारं पण कालच बनवलेलं असेल, तर ते रेट्रो. म्हणजे इव्हेंटवाल्याचा तो प्लॅस्टिकचा ग्रामोफोन विंटेजही नव्हता आणि अँटिकही नव्हता. होता तो फक्त महाग!

बरं, ब्राइडल शॉवर तरी काय भानगड? ही अमेरिकेतली पद्धत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडे रूढ झाली. नवरीच्या मैत्रिणी जमतात, खाणंपिणं होतं आणि संसाराला लागणाऱ्या वस्तू भेट देतात. पूर्वी म्हणे कागदी छत्रीत भेटी भरून ती नवरीच्या डोक्यावर उलटी करायचे, म्हणून 'शॉवर'. यामागे हॉलंडमधली एक दंतकथाही सांगतात. एका मुलीचं गरीब गिरणीवाल्यावर प्रेम बसलं. वडिलांना तो पसंत नव्हता, त्यांनी हुंडा द्यायला नकार दिला. मग गावातल्या लोकांनी आपापल्या घरातून एकेक वस्तू आणून तिचा संसार उभा करून दिला. खरं-खोटं गिरणीवालाच जाणे! पण गोष्ट मला आवडली. वडील नाहीत तिथे बाकीच्यांनी पुढे यायचं, असा साधा हिशेब.

आणि मग ट्यूब पेटली. हे तर आपलं केळवणच की! लग्नाआधी जवळच्या माणसांनी नवरीला जेवायला बोलवायचं, ताटाभोवती रांगोळी काढायची, औक्षण करायचं, हातात भेट द्यायची. फक्त छत्री नाही, एवढाच फरक.

'मग विंटेजपण आपलंच करू ना,' मी म्हटलं. 'इंग्लंडच्या राणीच्या कप-बशा कशाला? नवरीच्या आईबाबांचं लग्न कधीचं?'

उत्तर आलं, १९८९. थीम फायनल!

काळी ट्रंक

नवरीची आई म्हणजे काकू नारायण पेठेत राहतात. लेक ऑफिसला गेलेली असताना मी आणि आयटीवाली गुपचूप जाऊन थडकलो. जुने फोटो हवेत, एवढंच सांगितलं.

'अगं, आधी आत तर या. चहा टाकते,' म्हणत काकूंनी चहा टाकला आणि पलंगाखालून काळी पत्र्याची ट्रंक ओढली. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने काकांची आद्याक्षरं. काका २०२१ च्या मे महिन्यात गेले, दुसऱ्या लाटेत. त्या दिवसांत कोण कुणाकडे जाणार? आम्ही फोनवरच रडलो होतो.

ट्रंक उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेला शालू. क्रोशाचे सात रुमाल. काचेच्या मण्यांचं तोरण. तळाशी हळदकुंकवाची बोटं लागलेली पत्रिका, आणि तिच्यात खाली चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावाने 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' छापाचा आग्रह. आणि मग अल्बम. काळ्या जाड पानांचा, दोन पानांमध्ये पातळ कागद असलेला, फोटो चारही कोपऱ्यांत खोचलेले.

'हे सगळं तुम्ही केलंय?' आयटीवालीने रुमाल हातात घेऊन विचारलं.

'मग? रुखवत होतं माझं. तेव्हा काय विकत आणायची पद्धत नव्हती. मी, माझी बहीण, शेजारच्या दोघी, सहा महिने बसत होतो दुपारच्या. तोरणाचे मणी तुळशीबागेतले. एक माळ तुटली तेव्हा रडले होते मी!'

काकू बोलत होत्या आणि मी अल्बम बघत होते. रंगीत फोटो सगळे लालसर पडलेले. ही त्या काळच्या रंगीत प्रिंट्सची खोड. त्यातला निळसर रंग आधी उडतो, मग उरतो तो तांबूसपणा. गंमत म्हणजे त्याच अल्बममधले पहिले चार ब्लॅक अँड व्हाइट फोटो ठणठणीत होते. त्यांच्यात चांदी असते, ती चांगली प्रक्रिया केली असेल तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

निघताना मी सहज म्हटलं, 'काकू, एप्रिलमधल्या रविवारी आहे कार्यक्रम. तुम्ही पहिल्या पंगतीला हं!'

काकू हसल्या. 'मी काय करणार गं पंगतीत? मी स्वयंपाकघरातलं बघीन. वाढायला कुणीतरी लागेलच की.'

जिना उतरताना मला साखरपुडा आठवला. ओटी भरायची वेळ झाली तेव्हा आत्या पुढे होत्या, मामी होत्या, सोसायटीतल्या दोघी होत्या. आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात, हातात झारा. मी तेव्हा फोटो काढत होते. घरी येऊन फोन उघडला. दोनशे चौदा फोटो. एकाही फोटोत काकू नव्हत्या. आणि ते मला इतके दिवस दिसलंसुद्धा नव्हतं.

वर्कशॉप!

पुढचे तीन रविवार आमचा मुक्काम एचआरवालीच्या कोथरूडच्या फ्लॅटवर. पहिल्या रविवारी आम्ही काकूंना 'फक्त क्रोशा शिकवायला या' म्हणून बोलावलं. दुपारपर्यंत त्या आमच्या क्रिएटिव्ह डायरेक्टर झाल्या होत्या.

आधी पताका. एचआरवालीने ऑनलाइन पताकांची माळ बघून ठेवली होती. काकूंनी स्वतःची एक विरलेली सुती साडी आणली आणि गणित मांडलं. हॉलची भिंत तीस फूट. पताका तळाशी सात इंच रुंद, नऊ इंच उंच, दोघींत दोन इंचांची फट. म्हणजे एका पताकेला नऊ इंच, तीस फुटांना चाळीस पताका. साडीचा पन्हा पंचेचाळीस इंचांचा. नऊ इंचांची पट्टी काढायची आणि त्रिकोण एक सुलटा, एक उलटा असे आखायचे, की एका पट्टीत अकरा बसतात. चार पट्ट्या, चव्वेचाळीस पताका, चार जास्तीच्या. कापड लागलं किती? छत्तीस इंच, म्हणजे बरोबर एक वार! बँकवाली बघतच राहिली. 'काकू, तुम्ही आमच्या क्रेडिट डिपार्टमेंटला या.' कडांना शिवण नको म्हणून झिगझॅग कात्री आणली, तिने कापलं की धागे सुटत नाहीत. वरून सुतळी आणि हातशिलाईचे टाके. बास.

मग क्रोशाचे रुमाल. पस्तीस वर्षं घडीत पडून ते मेल्यासारखे झाले होते. काकूंनी साबुदाण्याची पातळ खळ केली, रुमाल त्यात बुडवून हाताने ओढून सारखे केले आणि उलट्या ताटावर पसरून वाळवले. संध्याकाळी ते असे ताठ उभे की जणू कालच विणलेत.

कागदाला जुना रंग द्यायचं काम माझ्याकडे होतं. लिटरभर पाण्यात चार-पाच चमचे चहाची पूड उकळायची, गाळून गार करायचं, पसरट ताटात कागद मिनिटभर बुडवून काढायचा, सावलीत वाळवून इस्त्री फिरवायची. रंग इतका झकास येतो की कागद आजीच्या पेटीतून निघालाय असं वाटावं. मी हुशारीने आधी मेन्यूकार्ड छापली, घरच्या इंकजेटवर, अठरा कार्डं. आणि मग ती चहात बुडवली. पुढचं काय सांगू? 'मसालेभात' आणि 'मठ्ठा' एकमेकांत विरघळून कार्डावर नुसता निळा ढग. इंकजेटची शाई पाण्यात फुटते, लेझर प्रिंटची फुटत नाही, हे ज्ञान मला अठरा कार्डांच्या मोबदल्यात मिळालं. आधी चहा, मग छपाई. लिहून ठेवा!

फोटोंच्या बाबतीत मात्र आम्ही कडक शिस्त पाळली. मूळ फोटोला गोंद नाही, पिन नाही, सेलोटेप तर नाहीच. सगळे स्कॅन केले, प्रिंट काढल्या आणि सुतळीवर लाकडी चिमट्यांनी लटकवल्या. ज्यांना स्कॅनर मिळत नाही त्यांनी खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन फोटोच्या बरोबर वर धरून फोटो काढावा. चमक येत नाही.

थर्माकोलचं नावही कुणी काढलं नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून त्याच्या सजावटीवर आणि ताट-वाट्यांवर बंदी आहे. त्याऐवजी लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या घेतल्या आणि त्यांत निशिगंध खोचला. तिकडे अमेरिकेत विंटेज पार्टीत काचेच्या मेसन जार लागतात, जॉन मेसनने १८५८ मध्ये पेटंट घेतलेल्या. त्याही मुळात मुरंबे-लोणच्यांसाठीच होत्या. म्हणजे बरणी ती बरणीच, इकडची काय आणि तिकडची काय!

मधल्या एका शनिवारी आम्ही आयडियांसाठी शुक्रवार पेठेतल्या केळकर म्युझियमला जाऊन आलो. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या घरगुती वस्तू. दिवे, अडकित्ते, दौती, भांडी. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलेलं सगळं. पुण्यात राहून मी शाळेच्या ट्रिपनंतर पहिल्यांदा गेले होते. राजवाड्यातलं सोनंनाणं बघायला लोक रांगा लावतात, पण कुणीतरी अडकित्ता जपावा, हे मला जास्त भारी वाटलं. कुणाच्या तरी रोजच्या हातातली वस्तू ती!

एक प्रश्न

तिसऱ्या रविवारी काकू लवकर घरी गेल्या. आम्ही पाचजणी क्रेपच्या कागदाची फुलं करत बसलो होतो. एचआरवाली यादी वाचत होती. 'औक्षण, साडेअकरा. कोण करणार?'

कुणीच बोलेना. मग मी ते दोनशे चौदा फोटोंचं सांगितलं.

'सिंपल आहे,' एचआरवाली म्हणाली. 'सरप्राइज देऊ. अनाउन्स करायचं, आणि आता नवरीला ओवाळणार तिची आई! टाळ्या, म्युझिक, सगळे रडतील.'

'आणि काकू सगळ्यांसमोर नाही म्हणाल्या तर?' डेंटिस्टबाईंनी कात्री खाली ठेवली. 'मी पेशंटला न विचारता दाढ काढत नाही. आधी विचारायला पाहिजे. आणि नाही म्हणाल्या तर नाही.'

आपण सगळेच सोशल मीडियावर फार पुढारलेले असतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. पुढे राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींनी हे उदाहरण गिरवावं म्हणून परिपत्रक काढलं. तेव्हा मी ती बातमी मोठ्या अभिमानाने शेअर केली होती. शिरोळ तालुक्यातलं एक गाव जे करून मोकळं झालं, ते पुण्यात माझ्या मैत्रिणीच्या घरात आडलं होतं, आणि मी तिथेच उभी राहून फोटो काढत होते.

काकूंना विचारायला मीच गेले. त्या भाजी निवडत होत्या. मी सरळ विचारलं. त्यांनी मेथीची एक अख्खी जुडी संपवली आणि मग बोलल्या.

'नको गं. माझा विश्वास आहे असं नाही. तिचे बाबा तर या सगळ्याला हसायचे. पण उद्या तिला साधी सर्दी झाली ना, तरी मलाच वाटत राहील की मी ओवाळलं म्हणून झाली. लोकांचं सोड. माझंच मन मला खाईल.'

यावर काय बोलणार? माझ्याकडे हेरवाड होतं, परिपत्रक होतं, चार दमदार वाक्यं होती. पण त्या 'साधी सर्दी'पुढे सगळंच पोकळ वाटलं. मी म्हटलं, 'बरं काकू,' आणि मेथी निवडायला लागले.

रात्री मात्र राहवेना. नवरीच्या आत्यांना फोन केला. खरं सांगते, भांडायच्या तयारीनेच केला होता. माझ्या डोक्यात या गोष्टीतल्या व्हिलन त्याच होत्या. मी साखरपुड्याचं बोलले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आत्या म्हणाल्या, 'मी तिला बोलावलं होतं. ओटी भरायच्या आधी आत जाऊन दोनदा म्हटलं, वहिनी, बाहेर या. ती नाही म्हणाली. पाहुणे खोळंबले होते. मग तिसऱ्यांदा नाही बोलावलं मी. ते चुकलंच माझं.'

फोन ठेवला आणि बराच वेळ छताकडे बघत बसले. व्हिलन वगैरे कुणी नव्हतंच. होती ती फक्त एक न मारलेली हाक.

साडेअकरा

एप्रिलमधला रविवार. हॉलमध्ये साडीच्या पताका, सुतळीवर १९८९ चं अख्खं लग्न, दाराला मण्यांचं तोरण. भेटी ठेवायला काकांच्या नावाची ट्रंक. केळीची पानं, भोवती रांगोळी. मेन्यू त्या लग्नातलाच : अळूवडी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. एचआरवालीला त्या काळातलं गोल्ड स्पॉटही हवं होतं. पण १९९३ मध्ये कोका-कोलाने पार्लेचे ब्रँड घेतले आणि त्यानंतर ते दुकानांतून दिसेनासंच झालं. म्हणून कैरीचं पन्हं. कुणाचीही तक्रार आली नाही.

नवरीला 'पिझ्झा खायला ये' म्हणून बोलावलं होतं. ती दारात आली, तोरणाकडे बघितलं, मग भिंतीकडे. आणि आईबाबांच्या सप्तपदीच्या फोटोसमोर जाऊन नुसती उभी राहिली. एचआरवालीने म्युझिक लावायचं ठरवलं होतं, तेही ती विसरली.

साडेअकराला नवरी पाटावर बसली. आत्यांनी तबक घेतलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी-अंगठी फिरवली, ओवाळलं. झालं. मामी पुढे व्हायला लागल्या, तर आत्यांनी हातानेच थांबवलं आणि तबक तसंच धरून स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला.

'वहिनी, बाहेर या. तिसऱ्यांदा बोलावतेय.'

आतून काहीच आवाज नाही. कढईतलं तेल तेवढं तडतडत होतं. नवरी पाटावरून उठली नाही, वळली नाही, काही बोलली नाही. बसून राहिली. आत्याही तशाच उभ्या, निरांजनाची वात हलतेय. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर अख्खा तास वाटला.

मग गॅस बंद केल्याचा आवाज आला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. आत्यांच्या हातातून तबक घेतलं आणि भराभरा, कुणीतरी मागे लागल्यासारखं ओवाळलं. अक्षता टाकताना हात थरथरत होता. आणि सगळं झाल्यावर लेकीच्या कपाळावर हात ठेवून ताप बघतात तसा क्षणभर ठेवला.

'सर्दी झाली तर काढा पी,' एवढंच म्हणाल्या.

टाळ्या नाहीत, म्युझिक नाही. डेंटिस्टबाई नाक पुसायला बाल्कनीत गेल्या. आणि आत्या म्हणाल्या, 'वहिनी, आता पंगतीला बसा. वाढायला मी आहे.'

काकू पहिल्या पंगतीला बसल्या. जिलब्या चार खाल्ल्या. मोजल्यात मी.

हिशेब आणि थोडं शहाणपण

बँकवालीने दुसऱ्या दिवशी ग्रुपवर हिशेब टाकला. सुतळी आणि चिमटे १५० रुपये, बोहरी आळीतून आणलेले कागद ४२०, झिगझॅग कात्री ३५०, स्कॅन आणि प्रिंट ६००, फुलं आणि गजरे ८००, केळीची पानं २००, अठरा जणांचं जेवण ४५००. एकूण ७०२०. उरले ४८०, त्याची कुल्फी झाली.

तुम्हालाही असं काही करायचं असेल तर चार गोष्टी. एक, किमान महिनाभर आधी सुरुवात करा, हाताचं काम रात्रीत होत नाही. दोन, आधी घरातल्या ट्रंका, माळे आणि कपाटाचे वरचे कप्पे बघा, मग बाजारात जा. तीन, जुन्या माणसांकडून वस्तू नुसत्या मागून आणू नका, त्यांनाही बरोबर आणा. वस्तूची गोष्ट त्यांच्याकडेच असते. आणि चार, सरप्राइज नवरीला द्या, पण कुणाचा जुना दुखरा कोपरा असेल तर तिथे सरप्राइज नको. आधी विचारा. उत्तर 'नाही' आलं तर ऐका. आणि हाक मात्र मारत राहा.

विंटेजबद्दल आणखी एक कळलं. वाइनवाले सगळीच वर्षं मिरवत नाहीत. ज्या साली द्राक्षं चांगली आली, ते साल बाटलीवर अभिमानाने लिहितात. जुन्यातलंही निवडूनच घ्यावं लागतं. क्रोशाचे रुमाल ठेवायचे, औक्षण ठेवायचं, जिलबी तर ठेवायचीच! स्वयंपाकघराच्या दारात उभं राहणं तेवढं सोडून द्यायचं.

त्या क्षणाचा एकच फोटो आहे, माझ्या फोनमध्ये. हललेला. काकूंचा चेहरा अर्धाच दिसतो, निरांजनाचा नुसता पिवळा ठिपका. मी तो नवरीला पाठवला, तिने काकूंना दाखवला. संध्याकाळी काकूंचा फोन.

'अगं, त्याची एक प्रिंट काढून दे मला. ट्रंकेत ठेवते. आणि चांगल्या कागदावर काढ हं, नाहीतर पस्तीस वर्षांनी लाल पडायचा!'